पंपघरातली वही

नाशिकच्या इंदिरानगर भागातून एका ४१ वर्षांच्या वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात हिशेबाचे काम पाहतात. यजमान सातपूरच्या कारखान्यात पाळीत काम करतात, मुलगा आठवीत आहे आणि मधुमेह व रक्तदाब असलेल्या सासूबाई तीन वर्षांपासून त्यांच्याकडे राहतात. त्या लिहितात की गेली दोन-तीन वर्षे त्यांच्या हातून सतत काहीतरी निसटते. मुलाच्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या अर्जावर सही करायची राहिली आणि मुदत संपल्यावर चार दिवसांनी तो पिठाच्या डब्याखाली सापडला. वीजबिल दोनदा चुकले. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी संपल्याचे रविवारी रात्री कळले. गेल्या महिन्यात, घरून आलेल्या फोननंतर, त्यांनी एका पुरवठादाराला एकच रक्कम दोनदा पाठवली. पैसे परत आले, साहेब काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून बँकेचे पान उघडताना हात थरथरतो. तीन डायऱ्या अर्ध्यावर पडल्या आहेत आणि फोनमध्ये चौदा रिमाइंडर आहेत. “माझ्या वडिलांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. इतक्या वर्षांत त्यांची एक फवारणी चुकली नाही. पंपघरात खिळ्याला टांगलेल्या वहीत, दोऱ्याने बांधलेल्या पेन्सिलने ते सगळे लिहीत. मी त्यांच्यावर गेले नाही. मी मुळातच वेंधळी आहे.” नोकरी सोडावी, की मेंदू तल्लख करणाऱ्या एका महागड्या ऑनलाइन कोर्सला नाव घालावे, असा त्यांचा प्रश्न आहे. मुलगाही दप्तरात अर्धी पुस्तके विसरतो, तो आपल्यावरच जात आहे का, ही काळजी वेगळीच.

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण पहिल्या वाचनात मलाही तुमचाच निष्कर्ष खरा वाटू लागला होता. दुसऱ्यांदा वाचताना मात्र लक्षात आले की ‘मी मुळातच वेंधळी आहे’ या वाक्याला तुमच्याच पत्रात कुठेही आधार नाही. शाळेत, कॉलेजात आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षे आपले सगळे वेळच्या वेळी होत असे, असे तुम्हीच लिहिले आहे. ऑफिसात महिनाअखेर तुम्ही चाळीस पुरवठादारांची खाती जुळवता आणि सात वर्षांत चूक एकदाच झाली. मुळातच वेंधळ्या माणसाला हे जमत नाही. मग ऑफिसात शाबूत असणारी ही क्षमता घराच्या उंबऱ्याशी आल्यावर कुठे जाते, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो.

ठरवणे, क्रम लावणे, आठवणीत धरणे, मोहाला आवरणे, मध्येच बेत बदलावा लागला तर तो बदलणे, या सगळ्याला मानसशास्त्रात एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हणतात. मराठीत मी त्यांना मेंदूचा कारभार म्हणेन. कपाळाच्या मागचा मेंदूचा भाग या कारभारात मोठा वाटा उचलतो आणि त्याचे तीन मुख्य आधार मानले जातात. हाताशी लागणारी माहिती थोडा वेळ मनात धरून ठेवणारी कार्यस्मृती हा पहिला, मनात येईल ते लगेच न करण्याचा आवर हा दुसरा आणि एका कामातून दुसऱ्याकडे वळण्याची लवचीकता हा तिसरा. यांपैकी कार्यस्मृती फार लहान असते. नेल्सन कॉवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले की माणसाचे मन एका वेळी साधारण चारच गोष्टी नीट धरू शकते. माणसामाणसांत यात थोडाफार फरक असतो, पण मर्यादा हुशार माणसालाही असतेच.

आता तुम्ही वर्णन केलेली अर्जाची ती संध्याकाळ मांडून पाहू. पावणेसातला तुम्ही घरात आलात, पर्स खुंटीला लावली आणि कणीक मळायला घेतली. मुलाने अर्ज पुढे केला. त्याच वेळी कुकरची तिसरी शिट्टी झाली, आतून सासूबाईंनी साखर तपासायची पट्टी मागितली आणि यजमानांनी फोनवर पाळी बदलल्याचे, म्हणजे उद्याचा डबा पहाटे लागणार असल्याचे सांगितले. हात पिठाचे होते, पंखा सुरू होता, म्हणून कागद उडू नये यासाठी तुम्ही तो डब्याखाली सरकवला. ताई, अर्ज जपण्यासाठीच तुम्ही तो तिथे ठेवलात. चार गोष्टींची जागा असलेल्या मनात त्या तीन मिनिटांत पाचवी, सहावी आणि सातवी गोष्ट आली आणि आधीची एक बाहेर पडली. त्या जागी तुमचे वडील उभे असते तरी हेच घडले असते.

वडिलांची तुलना तुम्ही स्वतःला कमी लेखण्यासाठी केली आहे, पण मला त्यातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर दिसते. बागेत कोणत्या दिवशी कोणते औषध किती प्रमाणात मारले आणि शेवटची फवारणी व काढणी यांत किती दिवस गेले, हे निर्यातीच्या द्राक्षांसाठी लिहूनच ठेवावे लागते आणि कोणताही जाणता बागायतदार ते डोक्यात ठेवण्याचा प्रयत्न करत नाही. वही कपाटात न राहता पंपघरात असते, कारण औषध तिथेच कालवले जाते. पेन्सिल दोऱ्याने बांधलेली असते, कारण ती शोधण्यात अर्धा मिनिट जरी गेला तरी नोंद ‘मग करू’ वर जाते. म्हणजे वडिलांनी लक्षात ठेवण्याचे काम मनाबाहेर काढून, जिथे काम घडते त्याच जागी टांगून ठेवले होते. तुमच्या ऑफिसातही हेच आहे. तिथे महिनाअखेरीची यादी भिंतीवर आहे, खाती संगणकात आहेत आणि प्रत्येक देयकाला क्रमांक आहे. घरात मात्र वही नाही, खिळा नाही आणि चार माणसांच्या घराचे काम एकट्या तुमच्या डोक्यात आहे.

यावरून कोर्सबद्दलचे माझे मत तुमच्या लक्षात आले असेल. तो घेऊ नका. २०१० साली ब्रिटनमध्ये ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम केले. ज्या खेळांचा सराव केला त्या खेळांत ते तरबेज झाले, पण त्याच क्षमता लागणाऱ्या इतर चाचण्यांत त्यांना त्याचा उपयोग झाल्याचे दिसले नाही. पडद्यावरचे चौकोन लक्षात ठेवण्याच्या सरावाने मुलाचा अर्ज लक्षात राहू लागेल, असे सांगणाऱ्याला पैसे देण्याइतके ते तुमच्याकडे जास्त झालेले नाहीत. त्यापेक्षा झोप आणि चालणे यांचा कारभारी क्षमतांशी असलेला संबंध कितीतरी पक्का आहे. रात्री साडेबारा ते पहाटे पाच एवढीच झोप मिळत असेल, तर दुसऱ्या दिवशी आवर आणि लक्ष दोन्ही कमी पडणारच. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आठवड्यातून चार दिवस अर्धा तास भरभर चालणे जमत असेल तर जरूर करा, पण त्यासाठी झोप कापू नका.

नोकरीबाबत मला जरा सविस्तर लिहावेसे वाटते. ती सोडल्याने दिवसाचे आठ-नऊ तास मोकळे होतील हे खरे आहे, आणि घरातल्या आजारपणासाठी कोणी तो निर्णय विचारपूर्वक घेतला तर त्यात गैर काहीच नाही. पण तुमचा निर्णय भीतीतून येत आहे. ज्या एका जागी तुमचा कारभार व्यवस्थित चालतो ती जागाच तुम्ही सोडायला निघाला आहात, आणि घरातली व्यवस्था तशीच राहिली तर मोकळे झालेले तासही तीच व्यवस्था गिळून टाकेल. शिवाय आज अर्धा दिवस तरी तुम्ही घराबाहेर आहात म्हणून काही कामे इतरांना करावीच लागतात, तीही तुमच्याकडे येतील. म्हणून किमान तीन महिने हा निर्णय बाजूला ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन.

दोनदा पैसे गेल्याचा प्रसंग कामाच्या मध्ये आलेल्या फोनमुळे घडला. एका कामातून उठून दुसऱ्याकडे गेल्यावर मनाचा काही भाग पहिल्याच कामात रेंगाळतो आणि परतल्यावर आपण नेमके कुठे होतो हे आपण अंदाजाने ठरवतो. तुमचा अंदाज ‘अजून पाठवायचे आहेत’ असा झाला. यावर सोपा उपाय असा की, फोन उचलण्यापूर्वी समोरच्या कागदावर एक ओळ लिहायची, ‘अमुक देयक पाठवले, पुढचे तमुक’. फोन पाच सेकंद वाजू द्या, घर तेवढे थांबते. बँकेच्या व्यवहारापुरती ‘आधी बँकेचा तपशील पाहायचा, मग रक्कम भरायची’ अशी दोन ओळींची यादी संगणकाच्या कडेला चिकटवली तर हात थरथरणेही हळूहळू कमी होईल, कारण भरवसा स्वतःच्या स्मरणावर ठेवावा लागणार नाही. विमान उडवण्याचा वर्षानुवर्षे अनुभव असलेले वैमानिकसुद्धा उड्डाणापूर्वी यादी वाचूनच खुणा करतात.

घरासाठी मी चौथी डायरी सुचवणार नाही. डायरी पर्समध्ये राहते आणि काम ओट्याजवळ घडते. तुमच्या घरात दुधाचा हिशेब कालनिर्णयवर लिहिला जात असणार, आणि तो कधी चुकत नसणार. त्याच कॅलेंडरशेजारी, ओट्यापासून हात पोहोचेल इतक्या अंतरावर, एक खिळा ठोका. त्याला एक क्लिप आणि दोऱ्याने बांधलेले पेन लावा. शाळेचा अर्ज, वीजबिल, डॉक्टरांची चिठ्ठी, घरात येणारा प्रत्येक कागद फक्त तिथेच जाईल आणि तो तिथे लावण्याचे काम कागद आणणाऱ्याचे असेल. मुलाने अर्ज तुमच्या हातात द्यायचा नाही, क्लिपला लावायचा आणि शेवटची तारीख कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहायची. तुमचे हात पिठाचे असले तरी आता बिघडणार नाही.

कागद लावले तरी ते पाहायचे कोणी आणि केव्हा, हा प्रश्न उरतो. इथे ‘रोज पाहीन’ असा निश्चय करू नका, कारण अशा निश्चयाला धरायला काहीच नसते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने सुचवलेली ‘जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन’ अशा साच्याची योजना पुष्कळ अभ्यासांत तपासली गेली आहे. २००६ साली अशा ९४ चाचण्यांचा एकत्र विचार केला तेव्हा तिचा परिणाम चांगला ठळक आढळला. ती लागू पडते, कारण आठवण करून देण्याचे काम रोज घडणाऱ्या एखाद्या घटनेकडे जाते. तुमच्यासाठी ती अशी असू शकेल: जेव्हा रात्री ओटा पुसून होईल, तेव्हा फडके वाळत टाकण्यापूर्वी क्लिपमधले कागद एकदा उलटून पाहीन. फोनमधले चौदा रिमाइंडर याच्या नेमके उलटे वागतात. ते सकाळी सातला, हात कणकेत असताना वाजतात, तुम्ही ते कोपराने बंद करता आणि काही दिवसांनी तो आवाज कानाला लागेनासा होतो. ज्या क्षणी काम करता येईल त्याच क्षणी वाजणारे दोन किंवा तीन ठेवा आणि बाकीचे काढून टाका.

वेळेच्या अंदाजाबद्दलही एक सांगायला हवे, कारण ‘पाथर्डी फाट्यावरून वीस मिनिटांत घरी’ हे तुमचे गणित पत्रात तीनदा आले आहे आणि तिन्ही वेळा तुम्ही उशिरा पोहोचला आहात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध पूर्ण व्हायला किती दिवस लागतील असे विचारले होते. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवसांचे आले. सगळेच बिघडले तर किती, असे विचारल्यावर ते सुमारे ४९ झाले. प्रत्यक्षात सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. आपण पुढचा अंदाज बांधताना मागच्या वेळा विसरतो, हे याचे एक कारण आहे. एक आठवडाभर फक्त तीन कामांसमोर अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ लिहा: ऑफिसातून घरी येणे, सकाळचे डबे, सासूबाईंना तपासणीला नेणे. पुढे ठरवताना स्वतःच्या अंदाजावर नाही तर त्या आकड्यांवर विसंबा. मला वाटते की निम्मी धावपळ इथेच कमी होईल.

आता त्या भागाकडे येते जो लिहिताना मला संकोच वाटतो आहे, कारण तो तुमच्या घरातल्या इतरांना लागू आहे. ‘मला सांगितले असते तर मी केले असते,’ असे यजमान म्हणतात, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलेले नाही. ते खरेही असेल. पण सांगण्यासाठी आधी लक्षात ठेवावे लागते, आणि तुमचे ओझे नेमके त्या लक्षात ठेवण्याचे आहे. काम दिले आणि आठवण स्वतःकडे ठेवली तर कारभार हलत नाही. म्हणून एखादे काम न देता एक पूर्ण खाते द्या. सासूबाईंची औषधे हे यजमानांचे खाते होऊ दे. सात दिवसांच्या खणांचा डबा ते रविवारी भरतील, भरताना आठ दिवसांपेक्षा कमी गोळ्या उरल्या असतील तर त्याच दिवशी दुकानात जातील आणि साखरेच्या नोंदीही तेच पाहतील. पहिल्या महिन्यात त्यांच्याकडून चूक होईल. ती दिसली तरी धावून सावरू नका; मात्र डबा रिकामा राहण्याची वेळ आली तर अर्थातच बोला, औषधाशी प्रयोग नको. सासूबाईंनाही यात घ्या. घेतलेल्या गोळीसमोर स्वतः खूण करणे त्यांना जमण्यासारखे आहे आणि कदाचित आवडेलही. बोलताना ‘मला मदत करा’ म्हणू नका, ‘हे खाते तुमच्याकडे देते’ म्हणा. मदत म्हटले की खाते तुमचेच राहते.

काही गोष्टी तर कोणाकडेही न देता सरळ कमी करायच्या आहेत. द्राक्षाच्या वेलीवर लागलेले सगळेच घड बागायतदार ठेवत नाही, हे तुम्ही लहानपणी स्वतः पाहिलेले आहे. विरळणी केली नाही तर मणी फुगत नाहीत आणि साखर भरत नाही, म्हणून चांगले दिसणारे घडही कापावे लागतात. सोसायटीच्या हळदीकुंकवाचा हिशेब, भिशीची वर्गणी गोळा करणे, नणंदेच्या विम्याच्या पावत्या, ही तीन कामे तुम्ही ‘मला हिशेब येतो म्हणून’ अंगावर घेतली आहेत. यातले कोणते एक ठेवायचे ते तुम्ही ठरवा. उरलेली दोन या महिन्यात सोडा. वाईट वाटेल, कोणी नाराजही होईल. तरीही सोडा.

हे सगळे एकदम सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त खिळा आणि रात्रीचा ओटा. लंडनमधल्या एका अभ्यासात ९६ लोकांनी एकेक लहान सवय लावून पाहिली, तेव्हा ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने मात्र सवयीचे फारसे बिघडले नाही. तुमच्या तिन्ही डायऱ्या एका चुकलेल्या दिवसानंतर बंद पडल्या, म्हणून हे मुद्दाम सांगते आहे.

एक तपासणी मात्र टाळू नका. तुमचा त्रास अलीकडचा आहे, म्हणून आधी घरच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या, मासिक पाळीतले बदल सांगा, झोपेबद्दल सांगा आणि मन सतत उदास राहत असेल तर तेही लपवू नका. यांपैकी कशामुळेही विसर पडू शकतो आणि लक्ष लागेनासे होऊ शकते, आणि यांवर उपचार आहेत. हे वाचणाऱ्या ज्यांना असा त्रास शाळेपासूनच आहे, घरी, शाळेत आणि कामावर सगळीकडेच आहे, त्यांनी मनोविकारतज्ज्ञांना भेटून एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे लहानपणापासूनच अवघड जाण्याच्या अवस्थेची, शक्यता तपासून घ्यावी. मोठ्या माणसांतही ती असते आणि मुलींमध्ये ती लहानपणी पुष्कळदा लक्षातच येत नाही. खिळे आणि याद्या त्यांनाही उपयोगी पडतील, पण केवळ त्यांवर भागवण्याची सक्ती त्यांनी स्वतःवर करू नये. कुठे जावे हे कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

मुलाबद्दल लिहायचे तर, कपाळामागचा तो कारभारी भाग माणसाच्या विशीच्या मध्यापर्यंत वाढतच असतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने पुस्तक विसरणे ही वारशाची खूण मानू नका. त्याचे दप्तर तुम्ही भरत असाल तर ते मात्र थांबवा. रात्री त्याला ‘भूगोल घेतलास का?’ असे न विचारता ‘उद्या पहिला तास कशाचा आहे आणि त्याला काय लागेल?’ असे विचारा, म्हणजे क्रम लावण्याचा सराव त्याला होईल. तुम्ही स्वतः क्लिपसमोर उभ्या राहाल तेव्हा मोठ्याने बोला: ‘वीजबिलाची तारीख परवा आहे, म्हणजे आज भरते, मग झोपते.’ मुले कारभार पाहून शिकतात आणि तुमचा कारभार आजवर त्याला दिसलाच नाही, कारण तो सगळा तुमच्या डोक्यात चालत होता.

राहिला तो अर्ज. त्याने चित्राची तयारी केली होती आणि परीक्षा हुकली, हे दुःख खरे आहे. त्याला ‘मी विसरले, मला वाईट वाटते’ एवढे सांगा आणि स्वतःला वेंधळी म्हणू नका, कारण ते शब्द तोही उचलेल. पुढच्या वर्षी नववीत त्याला ही परीक्षा देता येईल. येत्या सोमवारी त्याला त्याच्या चित्रकलेच्या सरांना विचारून यायला सांगा की पुढचे अर्ज साधारण कोणत्या महिन्यात निघतात. आल्यावर तो महिना कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यानेच लिहावा, दोऱ्याला बांधलेल्या त्याच पेनने.